मैत्रीण म्हणवणारा

भास्कर घाणेकर दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा नववीतली रेवती वाढलेल्या ताटापुढे नुसतीच बसली होती. बाबांना पाहताच तिने मोबाइल पुढे केला. "बाबा, रागावू नका ना."

गेम खेळताना भेटलेली एक 'मैत्रीण' महिनाभर गोड बोलत होती. तिने रेवतीकडून एक फोटो मागून घेतला होता. आता तिचीच धमकी आली होती, 'आणखी फोटो पाठव, नाहीतर हा शाळेच्या ग्रुपवर टाकतो.' 'टाकतो' हा शब्द वाचला आणि भास्करच्या ध्यानात आलं, ही मुलगी नव्हेच.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोबाइल भिंतीवर आपटावा असं वाटलं. पण पोर घाबरलेली होती, आणि तरीही आपणहून त्याच्याकडे आली होती. तो तिच्या शेजारी फरशीवर बसला.

"सांगितलंस ते बरं केलंस. चूक त्याची आहे, तुझी नाही. आता यातलं काही पुसू नकोस."

तासाभरात दोघं पोलीस ठाण्यात होती. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे सगळं ऐकून तक्रार लिहून घेतली.

शनिवारी रेवतीची वर्गमैत्रीण आफरीन दारात आली. "काका, रेवतीने ज्याच्याबद्दल सांगितलं, त्याचेच मेसेज मलाही येतायत. अब्बूंना सांगायची भीती वाटते."

"चल, मी येतो तुझ्याबरोबर," भास्कर चपला शोधू लागला.

रेवतीने आफरीनचा हात धरला. "बाबा, तुम्ही नुसते सोबत या. अब्बूंशी मी बोलते."