झेंड्याचा खांब

शारजाच्या खाडीकाठी एका इंग्रज साहेबाचा जुना बंगला आहे. आता तिथे म्युझियम आहे आणि मी, वसईची जेनिस, तिथली गाईड.

“पळालेला गुलाम अंगणातल्या या झेंड्याच्या खांबाला मिठी मारायचा. साहेब वरच्या खिडकीतून बघायचा. मनात आलं तर सोडवायचा, नाहीतर मालकाकडे परत,” हे मी रोज सांगते.

साहेबाची ती वरची खोली आता कायम कुलपात असते. खांब मात्र छातीच्या उंचीवर ओला असतो, कितीही पुसा.

आज सकाळी वसईला मम्मी वारली. उद्या दफन. माझा पासपोर्ट ठेवून घेतलेला मॅनेजर म्हणाला, “पासपोर्ट नेक्स्ट वीक मिलेगा, इन्शाल्ला.”

मी धावत अंगणात आले आणि खांबाला घट्ट मिठी मारली. “साहेब, मला घरी जायचंय!”

वरची खिडकी कुणीतरी आतून लावून घेतली.

माझ्या हातांखालचे ओले हात जरा सरकले. त्यांनी मला जागा करून दिली.