पावणं

वसुलीची माणसं दारात आली की शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आई आत हाक मारायची, "पावणं आल्यात!" आप्पा न्हाणीघरात कडी लावून बसायचे आणि शाळकरी मी दारात सांगायचे, "आप्पा घरात न्हाईत."

"पोरीला परत खोटं बोलाय लावणार न्हाय," म्हणत आप्पांनी बुलेट विकून सगळं कर्ज फेडलं. त्यानंतर बारा वर्षं साधा मिक्सरसुद्धा हप्त्यावर घेतला नाही.

आज मला बघायला उचगावची मंडळी येणार होती. आप्पा सकाळपासून आत-बाहेर करत होते. बेल वाजली, आई हरखून ओरडली, "पावणं आल्यात!" दाराजवळ मीच होते. मुलाच्या वडिलांनी हसत विचारलं, "आप्पा कुठं हाईत?"


आत न्हाणीघराची कडी वाजली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घरात न्हाईत."