अखंड शेवई

नानांना पंचाहत्तर पूर्ण झाली ती बहरीनमध्ये, त्र्याण्णव साली. सकाळी सुनेनं, इरावतीनं, त्यांना साग्रसंगीत ओवाळलं. संध्याकाळी सलील बायकोला आणि वडलांना तिथल्या राजधानीतल्या, मनामातल्या, चिनी खानावळीत घेऊन गेला. तिथला म्हातारा मालक कणीक हातानं ताणून नूडल्स करायचा.

नाना हात धुवायला उठले, तेवढ्यात मालकानं स्वतः वाडगा आणून ठेवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "वाढदिवसासाठी खास केलीय. वाडगाभर एकच अखंड नूडल. तोडू नका, कापू नका. तोडली की आयुष्य तुटतं."

सलील आणि इरावतीनं ते हसून ऐकून घेतलं.

नाना परत येऊन बसले. "अरे, या तर आपल्या शेवया," म्हणाले. मग पोराकडे वळले. "सलील, माझं परतीचं तिकीट रद्द कर. गावचं घर येतानाच धाकट्याच्या नावावर करून आलोय. आता मरेपर्यंत तुमच्याजवळच राहणार."



इरावतीनं वाडगा जवळ ओढला आणि सुरी हातात घेतली.

"एवढ्या लांब शेवया तुमच्या कवळीला झेपायच्या नाहीत नाना. तुकडे करून देते."

नानांचे डोळे भरून आले. "पोटची लेकसुद्धा एवढं करत नाही गं."

त्यासरशी इरावतीचा हात थबकला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो वाडग्यातच बघत होता.

"थांबलीस का?" सलील म्हणाला. "अजून बारीक कर."