गच्चीचं कुलूप

"गच्चीशिवाय दुसरी जागाच नाही हो, काका." सोसायटीचा सेक्रेटरी दारातच उभा होता, आत यायला कचरत होता. "ग्रहण संध्याकाळचं. सूर्य तेव्हा पार खाली गेलेला असतो. अंगणातून समोरच्या इमारती आड येतात, टेकडीवर यंदा कुणाला सोडत नाहीत. पोरं हट्टाला पेटलीत. पण तुम्ही हो म्हणालात तरच कुलूप काढू."

सुताराने मान वर केली. उभा जन्म बोटींवर सुतारकाम करून तो आता कायमचा घरी आला होता. हे घर घेतलं तेव्हा तो बोटीवर होता, आणि मुलगी गच्चीवरून पडली तेव्हाही बोटीवरच. तो घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं आणि गच्चीला कुलूप लागलं होतं; ती गच्ची त्याने कधी पाहिलीच नव्हती. कपडे वाळत घालताना पाय घसरला, कठडा अगदीच ठेंगणा, एवढंच बायकोने सांगितलं होतं. त्याने खोदून विचारलं नव्हतं.

"उघडा," तो म्हणाला. "पोरांचा काय दोष?"

"नको!" बायको हात न पुसताच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मैदानात जा म्हणावं. पुलावर जा. एवढं गाव पडलंय."

सेक्रेटरी आपल्या चपलांकडे बघू लागला. सुतार बायकोकडे वळला. "अगं, किती दिवस कोंडून ठेवणार ती जागा? मीही जातो वर. तूही चल."

"मी नाही यायची. तुम्हीही जाऊ नका." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तुमचा गुडघा कुठे धड आहे? एवढे जिने चढायचे म्हणजे..."

तरी तो गेला. एकेका पायरीवर दम खात गेला. वर सगळी इमारत लोटली होती. काळे चष्मे या हातातून त्या हातात फिरत होते. त्याला पाहून मोठी माणसं बाजूला सरकली, मग कुणीतरी म्हणालं, "काकांना पुढे येऊ द्या. त्या कोपऱ्यातून सगळ्यात चांगलं दिसतं."

तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. सूर्याचा लचका तुटला होता. उजेड दुखणाइतासारखा पिवळा पडला होता.

खालच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी शेजारी टाचा उंचावून उड्या मारत होती. "आजोबा, मला उचला ना! या भिंतीमुळे काही म्हणजे काही दिसत नाही."

तिला उचलायला तो वाकला आणि त्याचा हात कठड्यावर थबकला. कठडा त्याच्या छातीला लागत होता. त्याची मुलगी आईच्या वळणावर गेली होती, जेमतेम त्याच्या खांद्याला यायची. त्याने कठड्यावरून तळवा फिरवला. नव्या विटांचा जोड कुठे लागतो का, ते बोटांनी चाचपून पाहिलं. सगळा गिलावा सारखाच जुना होता.

"हा नंतर वाढवला का हो?" त्याने सेक्रेटरीला विचारलं.

"छे, पहिल्यापासून एवढाच..." बोलता बोलता सेक्रेटरी थांबला. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसला.

सुताराने मुलीला उचलून धरलं. "अर्धा गेला!" ती ओरडली. "आजोबा, तुम्ही बघताय ना?"

"बघतोय," तो म्हणाला. तो खाली, जमिनीकडे बघत होता.

घरी बायको दिवा न लावता पुढच्या खोलीत बसली होती. खिडकीतून तांबूस आकाश दिसत होतं, टोकापासून टोकापर्यंत लख्ख, औषधालाही ढग नव्हता. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "दिसलं?"

तो गुडघा धरून खुर्चीत बसला.

"नाही गं. ऐन वेळेला ढग आले."

तिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "इथूनही दिसले."