घंटेचा दोर

आमच्या गावच्या चर्चची घंटा बाबा वाजवायचे, त्यांच्या आधी आजोबा. बाबा गेले आणि पंचांनी ठरवलं, दोर आता चुलतभावाकडे. आम्ही तिघी मुलीच ना!

रविवारची उपासना संपली तशी थोरली अक्का पदर सावरून पंचांपुढे उभी राहिली.

"पाळकसाहेब, रागावू नका. बायबलातच आहे, बापाला मुलगा नव्हता म्हणून पाच बहिणी मोशेकडे जमिनीचा वाटा मागायला गेल्या होत्या. आम्ही फक्त दोर मागतोय."

"मग मोशेनं काय केलं?" एका पंचानं दरडावून विचारलं.

"त्यानं देवाला विचारलं. देव म्हणाला, मुलींचं बरोबर आहे."

म्हातारे पाळकसाहेब उठले, खांबाला बांधलेला दोर सोडून त्यांनी अक्काच्या हातात दिला. पंचांना एवढंच म्हणाले, "आपण काही मोशेहून मोठे नाही."

माणूस गेलं की वयाइतके टोले द्यायची आमच्याकडे रीत आहे. परवा अक्का गेली. तिच्या हातानं गुळगुळीत झालेला दोर धरून मी सत्तर टोले दिले. परवानगी कुणाचीच काढावी लागली नाही. ती अक्कानं तेव्हाच मागून ठेवली होती.