घरचंच माणूस

“नाव तेवढं घे हं माझं,” स्टुडिओच्या दारापाशी ताई म्हणाली.

“हे काय सांगायला हवं का, ताई?” धाकटी बहीण म्हणाली आणि केस सारखे करत आत गेली. रेडिओवर दिसत नाही, हे तिला कुणी सांगितलं नसावं. जाड दार तिच्यामागे बंद झालं.

आत दोनच माईक होते, एक निवेदकाचा आणि एक पाहुणीचा. म्हणून ताईला काचेच्या अलीकडे, तंत्रज्ञाशेजारी एक स्टूल मिळालं. गाण्याची वेळ झाली की पेटी घेऊन आत जायचं, तोवर गप्प बसायचं, असं तिला बजावण्यात आलं होतं.

“आत गेल्यावर जरा जपून हं, बाई,” तंत्रज्ञ म्हणाला. “थेट प्रसारण आहे. आणि तो माईक फार तिखट कानाचा. सुई पडली तरी घरोघरी ऐकू जाते.”

नव्या अल्बममध्ये आठ गाणी होती आणि आठही चाली ताईच्या. पूर्वी निदान कॅसेटचं वेष्टन असायचं. पुढे गाणारीचा फोटो, मागे बारीक अक्षरांत का होईना, चाल बांधणाऱ्याचं नाव. हा अल्बम नुसताच फोनवर ऐकायचा. त्यावर धाकटीचा हसरा चेहरा होता आणि मागची बाजूच नव्हती. ताईचं नाव लोकांच्या कानावर पडणार होतं ते आज, एकदाच, आणि तेही धाकटीच्या तोंडून.

लाल दिवा लागला. निवेदकाचा आवाज साखरेच्या पाकात घोळलेला होता. स्वागत झालं, कौतुक झालं, मग तो म्हणाला, “पहिल्याच गाण्याची चाल ऐकली आणि अंगावर काटा आला हो! ही चाल सुचली कशी तुम्हाला?”

धाकटीने एकदा काचेकडे पाहिलं. ताई सावरून बसली. हसलीसुद्धा.

“त्याची गंमतच आहे,” धाकटी म्हणाली. “मी शिलाई मशीनवर बसले होते. पाय मशीनवर, शब्द ओठांवर. आणि मध्येच दोरा तुटला. मशीन थांबलं तशी ओळही थांबली. त्या थांबण्यातच चाल सापडली बघा!”

ताईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. मशीन तिचं होतं. तुटलेला दोरा तिचा होता. त्या दुपारी धाकटी ढाराढूर झोपली होती आणि तिला हलवून उठवून ताईने ती चाल ऐकवली होती. नाव गाळलं असतं तर ताईने तेही गिळलं असतं. आजवर काय थोडं गिळलं होतं? घाबरली असेल, विसरली असेल, वेळ पुरला नसेल. धाकट्यांसाठी सबबी सापडतात. पण ही कुठे विसरली होती? हिला तर दोरासुद्धा आठवत होता!

“हिला सुईत दोरा ओवता येत नाही हो,” ताई तंत्रज्ञाला म्हणाली. “अंगात तो नवा ड्रेस आहे ना, त्याचं बटणसुद्धा आज सकाळी मी लावून दिलंय.”

तंत्रज्ञाने आधी काचेपलीकडे पाहिलं, मग ताईकडे. “म्हणजे ही चाल...”

“आठही.”

त्याने पुन्हा काचेपलीकडे पाहिलं.

आत निवेदक गहिवरला होता. “घरकाम, शिवणकाम सांभाळून ही साधना! धन्य आहे!” धाकटीने नम्रपणे मान खाली घातली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे जगात पुष्कळ असतात. पण हे पीठही मीच दळलं म्हणून सांगायचं, म्हणजे हद्द झाली.

“आता दोन ओळी ऐकवाच,” निवेदक म्हणाला. “साथीला कोण आहे आपल्या?”

“कुणी नाही हो,” धाकटी हसली. “घरचंच माणूस आहे.”

तंत्रज्ञाने उठून दार उघडून धरलं. ताईने पेटी उचलली. तशीच जिना उतरून घरी गेली असती तरी तिला कोण अडवणार होतं? पण ती आत गेली. धाकटीसमोरच्या टेबलावर तिने पेटी ठेवली, भात्याची कडी काढली आणि बोटं पट्ट्यांवर टेकवली.

धाकटीने डोळे मिटले. लहानपणापासूनची रीत होती ती. ताईने सूर द्यायचा, मग हिने तोंड उघडायचं.

सूर आला नाही. निवेदकाने घड्याळाकडे पाहिलं, मग हाताने ‘चला, चला’ अशी खूण केली. काचेपलीकडे तंत्रज्ञ हाताची घडी घालून बसला होता. अशा वेळी दुसरं गाणं लावून द्यायचं बटण त्याच्या पुढ्यातच होतं.

धाकटीने डोळे उघडले. “ताई, सूर दे ना,” ती कुजबुजली.

ताई माईकजवळ वाकली.

“चाल तुला सुचली ना,” ती म्हणाली, “मग सूरही सुचेल.”

मग तिने शांतपणे भाता मिटला आणि त्याची कडी लावली. खट् असा आवाज झाला.

तिथे म्हणे सुई पडली तरी घरोघरी ऐकू जाते. ही तर पितळेची कडी होती.