स्वल्प कमी

समोरच्या सलूनमध्ये एआयचा आरसा आल्यापासून गुंडोची खुर्ची ओस पडली होती. म्हणून लेकीनं, वसुमतीनं, त्याच्या हेब्बाळच्या दुकानातही तसलाच टॅब बसवला. त्यात बघितलं की आपल्याच डोक्यावर हवी ती हेअरस्टाइल दिसे. "आता कात्रीला कोण विचारतंय?" गुंडो कुरकुरला. तेवढ्यात शिवाप्पाअण्णा दाढीला आले. वीस वर्षांत त्यांच्या डोक्यावर एकही केस उगवला नव्हता. वसुमतीनं हसत टॅब त्यांच्याकडे वळवला, तर पडद्यावर काळेभोर कुरळे केस! अण्णा बघतच राहिले. मग ताठ बसून म्हणाले, "फार वाढलेत, गुंडो. स्वल्प कमी कर." गुंडोनं गंभीर चेहऱ्यानं कापड झटकून गळ्याला बांधलं, टकलावर पाणी फवारलं आणि हवेत कात्री कचाकच चालवली. शेवटी रिवाजाप्रमाणे हातआरसा डोक्यामागे धरला. "सरी, अण्णा? बरोबर झालंय?" अण्णांनी मान कलवून निरखलं. "मागचे जरा जास्तच कापलेस की!"